बाबांची बस कोणी बंद केली

माझे बाबा जवाहरनगरला फॅक्टरीच्या बसवर ड्रायव्हर होते. आमचं सगळं लहानपण तिथल्या क्वार्टरमध्ये गेलं. निवृत्तीनंतर आम्ही भंडाऱ्यात राहायला आलो आणि वर्ष उलटायच्या आत बाबांच्या एका डोळ्याचा पडदा सुटला. ऑपरेशन झालं, पण नजर पूर्ण आली नाही. डॉक्टरांनी गाडी चालवायला कायमची मनाई केली.

त्यानंतर बाबा अंगणात खुर्ची टाकून बसू लागले. बोलणं कमी झालं. रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला की नुसत्या आवाजावरून म्हणायचे, "दुसऱ्यात टाक ना बा, कायले इंजिन रडवून राहिला!" तेवढंच काय ते बोलणं.

मी लहानपणापासून व्हिडिओ गेम खेळते. लग्न केलं नाही, नोकरी घरूनच करते, संध्याकाळी तासभर खेळते. नातेवाइकांना याचं हसू येतं, येवो. बाबांची ती अवस्था बघून मी बस चालवायचा एक खेळ विकत घेतला. सोबत टेबलाला आवळून बसवायचं स्टिअरिंग आणि पायाखाली ठेवायचे पॅडल मागवले. मोठ्या टीव्हीला सगळं जोडलं आणि बाबांना म्हटलं, "बसा."

बाबा आधी लाजले. मग त्यांनी चपला काढल्या, स्टिअरिंगला हात लावून तो कपाळाला लावला, आणि पडद्यावरचा आरसा पाहिला. आधी आरसा, मग गिअर. बस हलली तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी त्यांचा डोळा गेल्यापासून पाहिलं नव्हतं.

तो खेळ खरंच मन लावून बनवलेला होता. परदेशातलं कुठलं तरी डोंगराळ गाव, अरुंद रस्ते, मध्येच पाऊस. ब्रेक जोरात दाबला की मागचे प्रवासी कुरकुर करायचे. चढावर चुकीचा गिअर टाकला की बस हुंदके द्यायची. बाबा म्हणाले, "हे ज्यानं बनवलं, त्यानं सोता बस चालवली असन." बाबांनी एवढं कौतुक आमच्यापैकी कोणाचंही कधी केलं नव्हतं. त्या रस्त्यावर शेवटी एक सरहद्द लागायची, तिथल्या थांब्याला त्यांनी बपेरा नाव दिलं, कारण आपल्याकडे बपेऱ्याच्या पुढे मध्य प्रदेश सुरू होतो. आई स्वयंपाकघरातून विचारायची, "आज कुठवर गेले?" बाबा म्हणायचे, "बपेऱ्याले पोचलो, आता रिटर्न."

एक गोष्ट मात्र मला पहिल्यापासून खटकायची. बाबा एकटेच खेळायचे, दुसऱ्या कोणाशी त्यांचा संबंध नव्हता, तरी खेळ सुरू करायला इंटरनेट लागायचं. नेट गेलं की बस भर घाटात उभी. हे असं का? खेळाला त्याची गरज नव्हती. गरज कंपनीला होती, कोण खेळतो, किती वेळ खेळतो यावर नजर ठेवायची म्हणून.

एके दिवशी सकाळचा चहा घेऊन बाबा बसले आणि थोड्या वेळाने त्यांनी मला हाक मारली. पडद्यावर इंग्रजीत एक ओळ होती. ही सेवा बंद करण्यात आली आहे. खाली आभाराचे दोन शब्द.

बाबांनी हात स्टिअरिंगवरून काढून मांडीवर ठेवले होते. "बाई, माह्या हातून काही दबलं का?" त्यांनी विचारलं. "मी काही नाही केलं. नेहमीसारखंच चालू करून राहिलो होतो."

माझा राग तिथे सुरू झाला आणि अजून संपलेला नाही. ज्या माणसाने उभ्या नोकरीत बसला ओरखडा येऊ दिला नाही, तो माझ्यासमोर, स्वतःच्या घरात, गुन्हेगारासारखा बसला होता. चूक कोणाची? सात समुद्रापलीकडे कोणीतरी ठरवलं की या खेळात आता कमाई उरली नाही, आणि कळ बंद केली.

मी कंपनीच्या मदत केंद्राशी भांडले. तिकडून गोड गोड उत्तरं यायची. तुमची गैरसोय आम्ही समजू शकतो. आम्ही आधी सूचना दिली होती (ती त्यांच्या संकेतस्थळाच्या कोपऱ्यात, बाबांच्या पडद्यावर कधी आलीच नाही). आणि शेवटी मुद्द्याचं आलं: आपण हा खेळ खरेदी केला नव्हता, तो वापरण्याचं लायसन घेतलं होतं, आणि ते मागे घेण्याचा अधिकार आमच्याकडे आहे.

खेळ घेताना मी जिथे बोट ठेवलं होतं त्या बटणावर 'खरेदी करा' लिहिलं होतं. 'आम्हाला वाटेल तोवर वापरा' असं लिहिलं नव्हतं. तसं लिहिलं असतं तर मी घेतला असता का?

मी ते उत्तर बाबांना मराठीत सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "लायसनचं मले नको सांगू. माहं लायसन डॉक्टरनं थांबवलं. पण त्यानं मले समोर बसवलं, डोळ्याचा फोटो दाखवला, कारण सांगितलं. यायनं काहून थांबवलं?"

कारण साधं होतं. खेळाची नवी आवृत्ती बाजारात आणायची होती. जुनी चालू राहिली तर नवी कोण घेणार?

त्याच आठवड्यात माझा मामेभाऊ नागपूरहून आला. तो सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि माझ्यासारखाच खेळणारा. मला वाटलं, हा तरी माझ्या बाजूने बोलेल. जेवताना मी सगळं सांगितलं तर तो वरणात भात कालवत म्हणाला, "ताई, आता सगळीकडे असंच आहे. कायले डोकं गरम करून राहिली? सर्व्हर चालवायले खर्च लागते. जुना गेम कोण खेळते?"

"हे खेळतात ना!" मी बाबांकडे हात केला. "समोर बसलेत. दिसत नाहीत का?"

"आतोबांसाठी दुसरा घे ना मंग."

"आणि तोही बंद केला तर?"

"तर तिसरा."

आई ताट वाढत होती, ती थांबली. तिचं माहेर मोहाडीचं, विणकरांचं. हा तिच्याच भावाचा मुलगा. ती त्याला म्हणाली, "तुह्या आजोबानं जिंदगीभर लुगडी विणली. एखादीले लुगडं विकल्यावर, आता नवी किनार निघाली म्हणून तिच्या अंगावरचं सोडवून आणायले गेला होता का तो कधी?"

भाऊ लाल झाला आणि खाली बघून जेवला. मला हसू यायला हवं होतं, आलं नाही. कंपनीपेक्षा मला त्याचाच जास्त राग आला होता. लुबाडणारा लुबाडतोच. पण ज्याला लुबाडलं तोच उठून लुबाडणाऱ्याची वकिली करतो, खर्च लागतो म्हणून समजावतो, याला काय म्हणावं? आम्ही खेळणाऱ्यांनीच या कंपन्यांना हे शिकवलं आहे. क्वार्टरमध्ये आम्ही मुलं गेमच्या कॅसेटी एकमेकांना द्यायचो. कोणाची बदली झाली की जाताना तो मित्राला कॅसेट देऊन जायचा. ती द्यायला कोणाची परवानगी लागायची नाही. आज मी माझा खेळ घरातल्या माणसालाही देऊ शकत नाही, आणि हा भाऊ म्हणतो, असंच असते.

मग मी नागपूरला दुकानात गेले. म्हटलं, बसचा दुसरा खेळ तबकडीसकट डब्यातला घेऊ, डबा तर कोणी घरातून उचलून नेणार नाही. चांगला जाड डबा, वर बसचं चित्र. दुकानातच उघडला, तर आत तबकडी नव्हती. एक पुठ्ठ्याचा तुकडा होता आणि त्यावर आकडे; ते टाकून खेळ घरी नेटवरूनच उतरवून घ्यायचा.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"मॅडम, आजकल ऐसाच येते," दुकानदार म्हणाला.

"मग डबा कशाला? रिकामा डबा विकता लोकांना?"

त्याने डबा परत घेतला. मी मात्र बसस्टँडपर्यंत रागाने जवळजवळ धावत गेले.

महिनाभराने कंपनीने नवी आवृत्ती जुन्या गिऱ्हाइकांना फुकट दिली. बाबांसाठी म्हणून मी ती उतरवली. सुरू करताच नाण्यांचा पाऊस पडला. आज आलात, ही घ्या नाणी. उद्या या, दुप्पट मिळतील. एक दिवस चुकवलात तर पुन्हा पहिल्यापासून. हॉर्न वेगळा हवा तर नाणी द्या, वायपर हवे तर नाणी द्या. प्रवासी कुरकुर करायचे बंद झाले होते. कसाही ब्रेक मारा, सगळे हसतमुख.

बाबांनी पाच मिनिटं चालवली आणि हात काढून घेतले. "ड्युटीवर हजेरी लावली तर पगार भेटे," ते म्हणाले. "इथं खेळातही हजेरी? आन वायपरसाठी पैसे मागतेत. पावसात गाडी कशी चालवावं मानसानं?"

"फुकट आहे बाबा."

"फुकट देऊन राहिले म्हणजे उद्या फुकटातच नेतीन. काढ ते."

मी काढलं.

शेवटी मला एक जुना खेळ सापडला. दोन-चार जणांच्या छोट्या कंपनीने बनवलेला, एकदा उतरवला की आपल्याकडेच राहणारा, नेट नसलं तरी चालणारा. त्याच्या दोन प्रती करून मी कपाटात ठेवल्या आहेत. चित्रं साधी आहेत. झाडं पुठ्ठ्याची वाटतात, आणि बाबांच्या मते ब्रेक बैलबंडीचे आहेत. तरी ते रोज अर्धा तास चालवतात. पण आई आता "कुठवर गेले" असं विचारत नाही, आणि या रस्त्यावरच्या थांब्यांना त्यांनी नावं दिलेली नाहीत.

परवा त्या मोठ्या कंपनीचा मेल आला. आमच्यासोबतचा तुमचा अनुभव कसा होता? तारे द्या, चार शब्द लिहा. मी तो पुसणारच होते, पण बाबांना वाचून दाखवला. ते खुर्चीत ताठ बसले.

"लिही," म्हणाले. "गाडी कंडम होते, हे मले समजते. आमच्याही बसा कंडम झाल्या. पण ड्रायव्हर रस्त्यात असताना इंजिन बंद करत नसतेत. त्याले पहिले सांगा, गाडी डेपोत लावू द्या, त्याचं सामान उतरवू द्या. मंग काय भंगारात द्यायची ते द्या."

मी शब्द न बदलता, मराठीतच लिहिलं. तारा एक दिला, कारण त्याहून कमी देण्याची सोय त्यांनी ठेवली नव्हती.