रूपरावजींनी खुंटा बदलला

रूपरावजींची आणि माझी ओळख भांडणानं झाली, आणि चूक माझी होती. २००२ साली वर्ध्याच्या एका कॉलेजात मी प्राणिशास्त्रात पीएच.डी.ला नाव नोंदवलं. पहिल्याच दिवशी हरभऱ्यावरच्या तीस घाटेअळ्या एका डब्यात भरल्या आणि हिंगणघाटची एसटी पकडून घरी गेले. सकाळी डब्यात अकराच! मी प्रयोगशाळेच्या अटेंडंटवर तोंडसुख घेतलं. त्या गृहस्थांनी आधी चष्मा पुसला.

"मॅडम, थ्या एकमेकीले खातात. एकीले एक खोली पाह्यजे."

तेव्हापासून प्रत्येक अळीला काचेची वेगळी कुपी मिळाली आणि मला रूपरावजी मिळाले. पन्नाशीचे, पवनारचे, घरी थोडी शेती आणि एक बैलजोडी. रोज सायकलवर हरभऱ्याचे कोवळे शेंडे ओल्या फडक्यात बांधून आणायचे, कुप्या धुवायचे, जुना पाला काढून नवा घालायचे. अळ्यांची चौकशी पाहुण्यांसारखी करायचे. "ही काल अर्धपोटी होती, आज बरं जेवली." मला हसू यायचं. त्यांना माझं हसणं कळायचं आणि ते खुशाल चौकशी चालू ठेवायचे.

माझा विषय होता अळीचं रक्त. आपल्याकडे हरभऱ्यावर तांदळाच्या दाण्याएवढी एक काळी गांधीलमाशी फिरते. ती अळीच्या अंगात नांगी खुपसून अंडं घालते आणि अंड्यासोबत एक विषाणूही सोडते. अळीचं शरीर परक्या अंड्याला मारायला उठतं, तर हा विषाणू त्याचे हातपाय बांधून टाकतो. अळीच्या रक्तातली काही प्रथिनं कमी होतात, काही नवीच दिसू लागतात. म्हणजे घर अळीचं आणि स्वयंपाक माशीच्या लेकराच्या आवडीचा! आठ-नऊ दिवसांनी ते लेकरू अळीला पोखरून बाहेर येतं आणि शेजारी कोष विणतं.

अळीचा पाय सुईनं टोचला की फिकट हिरवट थेंब येतो. मिनिटभरात औषध मिसळलं नाही तर काळा पडतो. ते रक्त जेलीच्या पातळ वडीत घालून वीज सोडायची, मग निळा रंग द्यायचा. प्रत्येक प्रथिनाचा एकेक निळा पट्टा दिसतो. डाव्या मांडणीवर माशीला दाखवलेल्या चाळीस अळ्या, उजवीकडे प्रयोगशाळेतच अंड्यातून वाढवलेल्या, माशीचं तोंडही न पाहिलेल्या चाळीस. डावीकडच्यांत नवा पट्टा दिसावा, उजवीकडच्यांत दिसू नये. एवढं सिद्ध झालं की मी डॉक्टर.

२००४च्या जानेवारीत तो पट्टा दोन्हीकडे दिसायला लागला. मी रसायनं बदलली, पाणी बदललं, लोडशेडिंगला शिव्या दिल्या. दोन महिने हाती धुपाटणं. नोंदणीची मुदत वर्षभरात संपणार होती, हरभरा काढणीला आला होता, आणि गाईड सर दिसले की मी जिन्याखाली लपायचे.

मग एका सकाळी उजवीकडच्या, रक्त काढायचं राहून गेलेल्या एका अळीच्या कुपीत कोष दिसला. माशीचं तोंड न पाहिलेल्या अळीच्या कुपीत माशीचा कोष! मी रूपरावजींना हाक मारली. ते आले, कोष पाहिला आणि खाली मान घातली.

"म्याच ठेवली थे इकडं."

"काऊन?"

"खाऊन नाई राह्यली होती, मॅडम. आमच्याकडं ढोर चारा खाईना झालं का त्याचा खुंटा बदलवतो आमी. चांगलं खाणाऱ्याच्या बाजूले बांधलं का तेही खाते. म्हणून सुकलेल्या होत्या थ्या इकडं आणल्या, अन् इकडच्या जाड्याजुड्या तिकडं. गिनती बरोबर ठेवली."

गिनती बरोबर ठेवली! मी काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. अडाणी म्हणाले हे मात्र आठवतं, आणि त्याची आजही लाज वाटते. ते सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "कोण्या कोण्या नेल्या, मले मालूम आहे. दुसऱ्याच दिवशी समजते."

हे मला खरं वाटलं नाही. माशी समोर सोडली तरी सगळ्याच अळ्यांना टोचते असं नाही, आणि दुसऱ्या दिवशी टोचलेली अन् वाचलेली सारखीच दिसते असंच मी समजत होते. म्हणून परीक्षा घेतली. माशीला दाखवलेल्या चाळीसातून त्यांनी दुसऱ्या दिवशी सव्वीस वेगळ्या काढल्या. नवव्या दिवशी त्यातल्या पंचवीसांतून माशीचे कोष निघाले. उरलेल्या चौदांतून एकही नाही.

"लेंडी पाहा," ते समजावत. "कोरडी, बारीक. अन् खाता खाता थांबते, मान उचलते." मी डोळे फुटेस्तोवर पाहिलं. माझं निम्मं चुकायचं.

त्यांनी निवडलेल्या अळ्यांचं रक्त घेतलं तेव्हा पट्टे असे स्वच्छ आले की गाईड सर मला जिन्याखालून शोधून आणायला आले. प्रबंध मुदतीत गेला. त्यात मी लिहिलं, 'दुसऱ्या दिवशी बाह्य लक्षणांवरून निवड केली.' कोणी केली, ते लिहिलं नाही. रूपरावांनी पाहून सांगितलं असं प्रबंधात कसं लिहायचं? आभाराच्या पानावर प्राचार्यांपासून मावसबहिणीपर्यंत सगळे होते. रूपरावजी 'प्रयोगशाळा कर्मचारी' या दोन शब्दांत मावले.

पुढच्या हिवाळ्यात तोंडी परीक्षा झाली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं त्याच वाक्यावर बोट ठेवलं. "हे जमत असेल तर मोठी गोष्ट आहे. दाखवा."

आदल्या दिवशी माशीला दाखवलेल्या अळ्यांच्या दहा कुप्या मांडल्या. टोचलेल्या म्हणून मी दोन उचलल्या. त्यांनी त्या अळ्या चिरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. अंडं एकीतही नव्हतं. त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि प्रबंध मिटला. तीन वर्षं माझ्या डोळ्यांसमोर वाया चालली होती.

रूपरावजी चहाचा ट्रे घेऊन दारात उभे होते. ट्रे टेबलावर ठेवला, कुप्यांवरून नजर फिरवली आणि चार कुप्या पुढं सरकवल्या. "ह्या पाहा साहेब."

चारही अळ्यांत अंडं निघालं. उरलेल्या चारही तपासल्या, त्या साफ.

परीक्षकांनी त्यांना खुर्ची दिली. ते बसले नाहीत. "तुम्हाला हे कोणी शिकवलं?"

रूपरावजींनी माझ्याकडं पाहिलं, मग साहेबांकडं. "मॅडमनं शिकवलं. आज घाबरल्या थ्या, म्हणून चुकलं."

परीक्षकांनी माझ्याकडं पाहिलं. नाही सर, यांनीच मला शिकवलं, एवढंच म्हणायचं होतं. मी चहाचा कप उचलला. त्यांनी सही केली, गाईड सरांनी माझं अभिनंदन केलं, आणि रूपरावजी रिकामा ट्रे घेऊन कुप्या धुवायला गेले.