हा चहा नव्हेच!

फ्रिजच्या दारात अर्ध्यामुर्ध्या बाटल्या साठतात ना, तसे किस्से साठतात. कोकमाचं सिरप तळाला उरलेलं, चटणी कधीची ते कोणालाच माहीत नाही, पण टाकून द्यायला हात धजत नाही. मग एक दिवस दार उघडावं आणि सगळं अंगावर यावं! आमच्या पडवीतले किस्से असेच साठलेत. आज दार उघडते.

पडवी शुभाकाकीची. दिवेआगरला पोफळीच्या वाडीत तिचा होमस्टे आहे. मी तेजू, शेजारची. इंजिनिअरिंग अर्ध्यात सोडून आलेली, म्हणजे गावाच्या हिशेबात वाया गेलेली. काकीच्या किचनमध्ये काम करते. आमच्याकडे आईस टी मिळतो. लिंबाचा नाही हां! लिंबाचा कुठल्याही ढाब्यावर मिळतो. आमच्याकडे मोदकाचा, पुरणपोळीचा, लोणच्याचा आणि सुकटीचा मिळतो.

ही आयडिया ओम्याची. ओम्या म्हणजे काकीचा मुलगा, माझा बालवाडीपासूनचा दोस्त. आम्ही दोघांनी एकाच वर्षी कॉलेज सोडलं. गुन्हा एकच, शिक्षा वेगळी. मला स्थळं आणली, त्याला घराबाहेर काढलं.

काढलं कोणी? त्याच्या बापाने. सगळे त्यांना भाऊ म्हणतात, मीही म्हणते, पण त्यात प्रेम शोधू नका. वादळाने वाडी झोपवली तेव्हापासून भाऊंना पोरगा इंजिनिअरच हवा होता. पोरगा म्हणाला, "मी इथेच आपल्या पडवीत चहाचं दुकान काढतो, थंड चहाचं." भाऊ पाहुण्यांसमोर म्हणाले, "चहा विकायचा तर दुसऱ्याच्या दारात जाऊन विक!"

ओम्या गेला. दिवाळीला कुठल्या तरी नव्या नंबरवरून काकीला मेसेज येतो, "बरा आहे." उलट फोन केला की लागत नाही.

काकी भांडली नाही, रडलीही नाही. तिने चहा सोडला. ओम्या उंबऱ्यातून आत येईपर्यंत चहाचा थेंब तोंडाला लावणार नाही, असं देवापुढे बोलली. आणि आठवड्याभरात मला हाक मारली, "तेजू, तो कसला थंड चहा करणार होता? चल, करू."

*

पहिला फ्लेवर उकडीच्या मोदकाचा. ओलं खोबरं, गूळ, वेलची, जायफळ, वर बर्फ. काकीने केला, पण चाखणार कोण? तिचा तर चहा बंद. मी म्हटलं, "काकी, हा काय चहा आहे का? यात दूध नाही, आलं नाही, गरम नाही."

"पावडर पडली की चहा," काकी म्हणाली. विषय संपला.

तेव्हापासून काकी वासावर करते. ग्लास नाकाशी नेते, डोळे मिटते आणि सांगते, "वेलची बोंबलतेय." चाखायचं काम माझं. आणि भाऊंचं! तो माणूस न बोलावता आला, खुर्ची ओढून बसला, ग्लास उचलला, घटाघटा प्यायला.

"याला चहा म्हणतात? हे गुळाचं पाणी! हा चहा नव्हेच!"

ग्लास मात्र रिकामा. बर्फसुद्धा चावून खाल्ला.

*

एका शनिवारी लाईट गेली. फ्रीजरमधला बर्फ वितळला, खोल्या फुल्ल, आणि कोकम-मिरी आईस टीची ऑर्डर. कोळीवाड्यातली जनीमावशी मासळी घेऊन दारातच होती. तिच्या पेटीत बर्फच बर्फ.

"मावशी, खालचा चांगला दे हां."

"चांगलाच हाय गो! कालच फॅक्टरीतून आनलाय."

धुतला. परत धुतला. ग्लासात टाकला. पुण्याचे पाहुणे होते. त्यातल्या दाढीवाल्याने एक घोट घेतला, समुद्राकडे बघितलं, दुसरा घोट घेतला आणि बायकोला म्हणाला, "यात ना, एक डीप कोस्टल नोट आहे."

सकाळी त्याने परत तोच मागितला. लाईट आली होती, आमच्या बर्फाचा दिला. म्हणाला, "कालची ती डेप्थ नाही."

मी जनीमावशीला सांगितलं. ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "मंग आता पापलेट फुकट वाटते न बर्फ इकते!"

भाऊंचा रिव्ह्यू वेगळा. "पेटी धुतलेलं पाणी. हा चहा नव्हेच."

रिकामा ग्लास.

*

चहाची व्याख्या ठरवायला एकदा मास्तरांना बसवलं. मास्तर म्हणजे आमचे रिटायर्ड हेडमास्तर. आयुष्यभर दुसऱ्याला मार्क दिले, ती सवय अजून गेली नाही. डाव माझा होता. मास्तर जर म्हणाले की हा चहा नाही, तर काकी निदान एक घोट घेईल. आपण करतो ते कसं लागतं हे त्या बाईला एकदा तरी कळू दे.

मास्तर खाकरले. "चहा म्हणजे उष्ण पेय. उष्णता हा त्याचा गुणधर्म. सबब, थंड असेल तर तो चहा नव्हे."

"मास्तर," काकी आतून म्हणाली, "निवलेला भात भात नसतो?"

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. पुसतच राहिले.

तेवढ्यात भाऊंनी खुर्चीच्या हातावर मूठ आपटली. "चहा नव्हेच तो! शंभरदा सांगतो, नव्हेच! हवं तर लिहून देतो!"

मी चकित. आयुष्यात पहिल्यांदा हा माणूस माझ्या बाजूने बोलला होता, तेही माझ्या चहाला शिव्या देऊन!

"तुम्हाला काय कळतं चहातलं?" काकी म्हणाली. "तुमचा तर डॉक्टरने बंद केलाय."

हे खरं होतं. भाऊंना पित्त. ओम्या गेला त्याच सुमारास वाढलं. तेव्हापासून सकाळी चहाऐवजी गरम पाणी. ज्या माणसाच्या जिभेवर एवढं पित्त, त्याच्या पोटात नसेल तर नवल, असं मी म्हणायचे. तोंडावर म्हणायचे.

*

फोडणीचा आईस टी हा माझा शोध. मोहरी, हिंग, कढीपत्ता, किंचित मीठ, ताकाची निवळ. चव झकास! फक्त स्ट्रॉचा विचार केला नव्हता. कढीपत्त्याचं पान स्ट्रॉच्या तोंडाशी बसलं आणि पनवेलच्या एका काकांनी असा जोर लावला की डोळे बाहेर यायचे बाकी राहिले. मग पान सुटलं. मोहरी थेट टाळ्याला!

काका खोकून खोकून लाल झाले. बायको पाठीवर थापा मारतेय. शेवटी आवाज फुटला. पहिलं वाक्य काय? "अजून एक. पण स्ट्रॉ नको."

लोणच्याचाही केला. भाऊ म्हणाले, "बरणी विसळली की असंच लागतं." हे मी फोनवर रेकॉर्ड केलं आणि रील टाकली. धमाल चालली! लोक यायला लागले ते विचारत, "ते शिव्या देणारे काका कुठायत?" एका मुलीने तर ग्लास पुढे केला, "काका, माझ्या ग्लासला पण काहीतरी बोला ना!"

म्हाताऱ्याचा माज वाढला. एरवी दिवसभर गंजीवर हिंडणारा माणूस, आता मी ग्लास आणला की आत जायचा, शर्ट घालायचा, केस विंचरायचा, मग फोनसमोर बसून शिव्या द्यायचा. म्हटलं, बघा हौस!

रील मी कोणासाठी टाकायचे? पुणेकरांसाठी नाही. ओम्याची जीभ आमच्या सगळ्यांत तेज होती. शाळेच्या खिचडीत तेल बदललं तर त्याला कळायचं. मी प्रत्येक रीलच्या शेवटी म्हणायचे, "दहापैकी किती?" समोर दहा हजार लोक असोत नाहीतर दहा, मी एकालाच विचारत होते. आणि काकी रोज संध्याकाळी दिवा लावून झाला की माझ्या मागे येऊन उभी राहायची.

"बघितलं का गं त्याने?"

"काकी, कोणी बघितलं ते कळत नाही."

"बरं," म्हणायची आणि तरी उभी राहायची.

*

मग सुकटीचा किस्सा. सुकट भाजून, कुटून, ग्लासाच्या कडेला तिखटाबरोबर लावली. आत चिंच-गुळाचा थंड चहा. रील टाकली. अर्ध्या तासात एक कमेंट आली. फोटो नाही, नाव म्हणजे नुसती अक्षरं आणि आकडे. लिहिलं होतं एवढंच, "मीठ कमी."

काकीने फोन माझ्या हातातून घेतला. "हा तोच! तो कायम मीठ वरून घ्यायचा!"

मलाही तसंच वाटलं, खोटं कशाला बोलू. दोघींनी मिळून उत्तर लिहिलं. काकी सांगतेय, मी टाईप करतेय. "मीठ वाढवलं आहे. कधी येतोस?" मग तिला वाटलं, रागावल्यासारखं होतंय. पुसलं. "मीठ वाढवलं आहे. ये."

त्या संध्याकाळी काकीने फोन हातातून खाली ठेवला नाही. भाऊ वाडीत शिंपण लावायला गेले ते अंधार पडला तरी आले नाहीत.

सकाळी उत्तर आलं. "मी म्हसळ्याला असतो. मागच्या महिन्यात तुमच्याकडे प्यायलो होतो, तेव्हापण मीठ कमीच होतं. रविवारी फॅमिलीसह येतो. एसी रूम आहे का?"

*

स्थळाचा किस्सा सांगितला नाही तर आई रागावेल, म्हणून सांगतेच. अलिबागचं स्थळ मास्तरांनी आणलं. "शिक्षण सोडलेल्या मुलीला यापेक्षा बरं काय मिळणार?" हे त्यांनी मला ऐकू जाईल असंच म्हटलं. मी पुरणपोळीचा आईस टी नेला. वर तुपाची धार.

मुलाच्या मावशीने ग्लासात डोकावून बघितलं. "साधा चहा येतो ना मुलीला?"

"येतो," मी म्हटलं. "साध्या माणसांना देते."

आईने मागून असा चिमटा काढला की वळ उठला. पाहुणे गेले. दोन दिवसांनी निरोप आला, मुलगी पसंत नाही. आणि त्यानंतरच्या रविवारी मुलगा स्वतः बाईक घेऊन हजर! आई धावत बाहेर आली, मास्तरही शर्टाची बटणं लावत आले.

मुलगा म्हणाला, "ते तूप थंड चहात गोठत कसं नाही, तेवढं सांगाल का?"

*

आता शेवटचा.

ओम्या म्हणायचा, "तेजे, मोदक-बिदक कोणीही करेल. सगळ्यात कठीण फ्लेवर म्हणजे चहा." म्हणजे आपला घरचा, आलं घातलेला, दुधाचा. थंड केला की तो मरतो. आलं कडू होतं, बर्फ वितळून पांचट होतो, वर साय धरते. माझेही कितीतरी टोप ओतून झाले होते.

पण मला तो जमवायचाच होता. का, ते विचारू नका. थोडं ओम्यासाठी आणि थोडं भाऊंसाठी. म्हणजे त्यांच्या विरुद्ध! इतके दिवस त्या माणसाचं एकच वाक्य ऐकत होते. एकदा त्याच्या तोंडून ऐकायचं होतं की हा चहा आहे.

एका दुपारी डोक्यात आलं, पाण्याचा बर्फ कशाला? चहाचाच बर्फ करू! मागच्या चुलीवर उकळला, आलं फक्त ठेचून वरून टाकलं, गाळला. अर्धा फ्रीजरमध्ये, अर्धा फ्रिजमध्ये. दुसऱ्या दिवशी चहाचे खडे चहातच सोडले. एक घोट घेतला आणि मला एकदम काकीची जुनी सकाळ आठवली. आम्ही दोघं शाळेच्या आधी पडवीच्या पायरीवर, बशीत खारी बिस्किट, ओम्या माझ्या बशीतलं उचलतोय.

काकी किचनच्या दारात आली. वास घेतला, आणि तिथेच थांबली. पदर नाकाला लावला.

"हे काय केलंस गं?" एवढंच म्हणाली, आणि आत आली नाही.

मी ग्लास घेऊन पडवीत गेले. भाऊ शर्ट घालून, भांग पाडून तयार. मी फोन चालू केला. त्यांनी नेहमीसारखा ग्लास उचलला, नेहमीसारखा मोठा घोट घेतला.

आणि गाल फुगवून तसेच बसले. डोळे मोठे. माझ्याकडे बघितलं, ग्लासाकडे बघितलं. मला वाटलं ठसका लागला. ते उठले, खुर्ची उलटली, पायात चप्पल नाही, आणि पडवीवरून खाली उडी मारल्यासारखे गेले. सगळा घोट अबोलीच्या झाडात थुंकला.

"हा चहा आहे!" भाऊ ओरडले. "अगो, हा चहा आहे!"

ऐकायचं होतं तेच ऐकलं, पण मला हसू येईना. ते विहिरीजवळच्या पाण्याच्या दगडी दोणीवर गेले, ओंजळीने पाणी घेऊन चुळा भरायला लागले. एक, दुसरी, तिसरी. नवा शर्ट भिजला. बोट घालून जीभ घासली. मी आणि काकी मागोमाग धावलो.

काकीला बघितल्यावर भाऊ थांबले. तोंडातून पाणी गळतंय. शाळेत छडी खायला उभं केल्यासारखे दिसत होते.

"गिळला नाही मी," भाऊ म्हणाले. "शुभा, देवाशपथ, एक थेंब गिळला नाही."

म्हणजे ते पित्त नव्हेच! वाडीत पंपाचा आवाज येत होता. मग काकीने दोणीवरचा तांब्या उचलला, भरला आणि त्यांच्या हातात दिला.

"अजून एक चूळ भरा," काकी म्हणाली. "नीट."