दोन्ही हात गुंतलेल्या आईची झोळी

भाईंदर पश्चिमेला आमचं दोन खोल्यांचं घर आहे. बेडरूमच्या खिडकीशी पूर्वी माझं कपाट होतं, आता तिथे शिलाईचं जड मशीन आहे. त्यावर आम्ही दोघीजणी तान्ह्या बाळांना अंगावर बांधून न्यायच्या झोळ्या शिवतो. गिऱ्हाइकं त्याला कॅरिअर म्हणतात. आम्ही झोळीच म्हणतो.

दोघी म्हणजे मी आणि आंटी. आंटी समुद्राकाठच्या तारोडी गावच्या. पंचावन्नच्या पुढच्या, अंगाने बारीक, आणि बोटं मात्र एखाद्या सुतारासारखी. भाईंदर पूर्वेच्या एका गाळ्यात त्यांनी वीस वर्षं शाळेची दप्तरं शिवली. तो गाळा बंद झाला तेव्हा त्या घरीच बोटींवरच्या ताडपत्र्या शिवून द्यायला लागल्या. माझा मुलगा लहान असताना बाजारातून आणलेल्या कॅरिअरमध्ये त्याच्या पोटावर घामोळं उठलं, म्हणून मी तो कॅरिअर उसवून सुती कापडाचा करून घ्यायला निघाले होते. तीन टेलर नाही म्हणाले. पट्ट्यांची जाड निवार त्यांच्या मशीनवर जात नव्हती. चौथ्याने मला आंटींचा पत्ता दिला. आंटींनी ती उसवलेली झोळी उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाल्या, "दप्तर फाटला तर पुस्तका पडतील, बाय. हितं पोर हाय. डबल टीप मारायला लागल."

त्याच वर्षी मी विमा कंपनीतली नोकरी सोडली. नऊ वर्षं मी तिथे अपघातांचे दावे तपासत होते. कोण कुठे पडलं, कसं पडलं, कोणतं हाड मोडलं, हे दिवसभर वाचायचं. तो धंदा सोडला तरी ती सवय सुटली नाही. कुठल्याही झोळीकडे बघताना मला आधी ती कुठून तुटेल तेच दिसतं.

आमच्या झोळ्या ओळखीओळखीतून खपत होत्या. कापायचं, गिऱ्हाइकाशी बोलायचं, मापं घ्यायची ही कामं माझी. शिवायचं आंटींनी. दोन वर्षांनी असाच एका बाईचा फोन आला. तिला कुणाकडून तरी माझा नंबर मिळाला होता.

"झोळी घातली की दोन्ही हात मोकळे राहतात ना?" तिने विचारलं.

"हो, पूर्ण मोकळे."

"तुम्ही म्हणताय तसे नाही. मला हातांना दुसरं काम असतं. मी कुबड्यांवर चालते."

तिचं घर आमच्यापासून चालत दहा मिनिटांवर होतं. मी दुसऱ्या दिवशी गेले. ती तिशीची असेल. लहानपणी पोलिओने डावा पाय गेलेला. घरी नववी-दहावीच्या मुलांना गणित शिकवायची. मुलगी चार महिन्यांची होती, मान धरायला लागली होती. नवरा सकाळी आठला कामावर जायचा. घरात सासूबाई असायच्या.

मला बसायला सांगून ती चाकांच्या खुर्चीत बसली. आजाऱ्यांची असते तशी नव्हे, ऑफिसात असते तशी. बाळाला मांडीवर घेऊन उजव्या पायाने फरशी ढकलत ती हॉलभर फिरली. "अशी मी हिला नेते," ती म्हणाली. "पण प्रत्येक दारात उंबरा आहे. किचनमध्ये जाता येत नाही, बाल्कनीत जाता येत नाही. ही आत रडली तर मी कुबड्यांवर आत पोचते, पण हिला घेऊन बाहेर येता येत नाही. माझी मुलगी मला नेहमी कुणीतरी आणून देतं."

सासूबाई पोळ्या लाटत होत्या. तिथूनच म्हणाल्या, "मी आहे ना घरात. हाक मारली की आणून देते. त्यात काय एवढं?"

सूनबाईने खुर्ची परत माझ्याकडे वळवली.

मला ते पटेना. सरळच विचारलं, "ताई, तुम्ही पडलात तर? पुढे बाळ असेल."

"मी पडते," ती म्हणाली. "वर्षातून दोनदा-तीनदा. लहानपणापासून पडत आलेय. पुढे कधीच पडत नाही. उजवी कुबडी सोडून उजव्या कुशीवर पडते. तुम्हाला दाखवू?"

मी नको म्हटलं आणि विचार करून कळवते असं सांगून निघाले. घरी येईपर्यंत माझं ठरलं होतं की नाही म्हणायचं. जुन्या ऑफिसातला दाव्याचा फॉर्म डोळ्यांपुढे येत होता, त्यात कारणाच्या रकान्यात माझी झोळी.

आंटींना सांगितलं तेव्हा त्या दोऱ्याची रीळ बदलत होत्या. मला वाटलं त्या मान डोलावतील. त्या म्हणाल्या, "तू तिचा पडना बघितला?"

"नाही. ती दाखवत होती, मीच नको म्हटलं."

"मग तुला काय म्हाईत?"

आठवड्याने आम्ही दोघी तिच्याकडे गेलो. तिने पलंगावरची गादी खाली ओढायला लावली आणि आम्हाला पडून दाखवलं. एकदा नाही, तीनदा. दर वेळी उजवी कुबडी आधी बाजूला जायची, मग खांदा, मग कूस. छाती जमिनीला लागत नव्हती. आंटी खाली बसून बघत होत्या. मग त्यांनी तिला उभं केलं आणि काखेत हात घालून चाचपलं. आमच्या नेहमीच्या झोळीचे पट्टे खांद्यावरून पाठीवर जाऊन काखेखालून पुढे येतात. तिथेच तिच्या कुबडीची गादी टेकत होती. पट्टा आणि बकल दोन्ही मधे चेचले गेले असते.

पुढचे काही दिवस आम्ही तेच करत होतो. आंटींनी पट्टे पाठीवर फुली करून खाली आणले आणि थेट कमरेच्या पट्ट्याला बकलने जोडले. काख मोकळी झाली. बाळाची बसायची जागा चार बोटं वर घेतली, म्हणजे पाय कुबड्यांना लागणार नाहीत आणि वजन छातीशी घट्ट राहील. पलंगावर बसून, कुणाच्या मदतीशिवाय घालता आली पाहिजे अशी तिची अट होती. त्यासाठी कमरेचं बकल पुढे आणलं.

बाळ आत ठेवायचं नाही असं मी बजावलं. जुन्या जीन्सचा पाय कापून त्यात सहा किलो तांदूळ भरले, दोन्ही तोंडं शिवली आणि तिला सांगितलं, तीन आठवडे हे घालून घरात फिरा. रोज संध्याकाळी ती मला मेसेज करायची. किचनपर्यंत गेले. उंबरा ओलांडला. आज फळ्यावर गणित सोडवलं, मुलं तांदळाकडे बघून हसत होती.

बाराव्या दिवशी फोन सासूबाईंचा आला.

"तुमची झोळी तुटली," त्या म्हणाल्या. "किचनच्या दारात तांदूळ पडले. जीन्स फुटून सगळीकडे तांदूळ झालेत. आता पुरे."

मी पायात चपला घातल्या आणि निघाले. पोचले तेव्हा सूनबाई पलंगावर बसली होती, झोळी मांडीवर. डावा पट्टा खांद्यापाशी मुळातून सुटला होता. कापड फाटलं नव्हतं, बकलही शाबूत होतं. टीपच उसवली होती. ती दोऱ्याची टोकं बघताच मला कळलं.

ह्या झोळीची शेवटची शिलाई चालली होती त्या आठवड्यात आंटी भाचीच्या लग्नासाठी सुट्टीवर होत्या. आम्ही घाईत होतो म्हणून खांद्याच्या जोडाच्या टिपा मी मारल्या होत्या. जाड दोरा संपला होता. मार्केटमध्ये जाऊन आणायला अर्धा तास लागला असता. मी घरातला साधा दोरा लावला आणि मनाशी म्हटलं, दुहेरी टीप आहे, चालून जाईल. नेहमीच्या आईच्या अंगावर ते कदाचित चाललंही असतं. पण कुबड्यांवर चालताना प्रत्येक पावलाला अंग वर उचललं जातं आणि खाली येतं, आणि तो हिसका खांद्याच्या जोडावर बसतो. दिवसातून शेकडो वेळा.

हे मी त्या घरात सांगितलं नाही. "बघते, आंटींना दाखवते," एवढंच म्हणून झोळी पिशवीत घातली. रस्त्याने मला त्या आठवड्यात त्याच दोऱ्याने शिवून दिलेल्या बाकीच्या झोळ्या आठवायला लागल्या. पाच होत्या, आणि त्यांत तांदूळ नव्हते.

घरी आल्याआल्या मी पाचही जणींना फोन केले. शिलाईत दोष आहे, आज घालू नका, मी न्यायला येते. चौघींनी लगेच ऐकलं. पाचवी खाडीपुलापाशी वरसाव्याला राहायची. ती म्हणाली, "अहो, ह्याच्याशिवाय तो झोपतच नाही. मला तर काही झालेलं दिसत नाही." मी रिक्षा करून तिच्याकडे गेले आणि तिच्यासमोर जोडाची एक टीप नखाने उचकटून दाखवली. ती सहज सुटली. तिने झोळी माझ्या हातात दिली आणि बाळाला उचलून आत गेली. तिच्या दारात मी थोडा वेळ उभी राहिले. ती बाहेर आली नाही.

दुसऱ्या दिवशी आंटींनी सगळ्या झोळ्या मशीनवर मांडल्या. त्या मला ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी दोरा ओढून पाहिला, कात्रीने सगळे जोड उसवले आणि विचारलं, "त्या पोरीच्या सासूला सांगितला तू?"

"नाही."

"चल मग. सांगूया."

"तुम्ही कशाला? चूक माझी आहे."

"शिवनार मी हाय ना."

नवी झोळी व्हायला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी आम्ही गेलो. मी सासूबाईंसमोर बसून सगळं सांगितलं. दोरा कोणता, कुणी लावला, का लावला, आणि त्या दिवशी इथून जाताना हे मला माहीत असून मी बोलले नाही, हेही. त्या ऐकत राहिल्या. माझं झाल्यावर आंटींकडे वळून म्हणाल्या, "ही नवीन कुणी शिवली?"

"मी," आंटी म्हणाल्या.

सासूबाई उठल्या. झोळी घेऊन खिडकीपाशी गेल्या, खांद्याचा पट्टा ग्रिलमध्ये अडकवला आणि खालच्या कापडाला दोन्ही हातांनी लोंबकळल्या. बाई चांगल्या वजनदार होत्या. ग्रिल करकरली. मग दुसरा पट्टा अडकवला आणि परत लोंबकळल्या. दम लागला तशा थांबल्या, जोड डोळ्यांजवळ नेऊन बघितला आणि सूनबाईच्या हातात दिला.

"तीन आठवडे परत तांदूळ," त्या म्हणाल्या. "आणि ह्या वेळी तांदूळ मी भरणार."

त्यांनी सहाच्या जागी आठ किलो भरले. हे मला सूनबाईने नंतर सांगितलं.

तीन आठवड्यांनी ज्या दिवशी पहिल्यांदा बाळ आत ठेवायचं होतं त्या दिवशी आम्हाला बोलावलं होतं. तिच्या नवऱ्याने सुट्टी घेतली होती. पलंगावर बसून तिने कमरेचं बकल लावलं, मुलीला छातीशी घेतलं, एकेक पट्टा मागे टाकून खेचला. तिला आठ-नऊ मिनिटं लागली. कुणी मदत केली नाही, तिने करू दिली नाही. मग कुबड्या घेऊन उभी राहिली. नवरा समोर हात पसरून उलट्या पावली चालत होता, सासूबाई मागून. ती त्यांना म्हणाली, "तुम्ही दोघं बाजूला झालात तर मला रस्ता दिसेल."

ती बेडरूममधून हॉलमध्ये आली, उंबरा ओलांडून किचनमध्ये गेली आणि ओट्याला टेकून उभी राहिली. मुलगी मान वळवून नळाकडे बघत होती. तिने मुलीला डबे दाखवले. हा चहाचा, ही साखर, इथे आजी पोहे ठेवते. मुलगी जवळजवळ सहा महिने ज्या घरात राहिली ते घर आई तिला दाखवत होती. सासूबाई फ्रिजपाशी थांबल्या होत्या. त्यांनी पदराने चष्मा पुसला आणि चहा टाकला.

पुढे ती झोळी आठ महिने चालली. तिने मुलीला घेऊन सोसायटीच्या गेटपर्यंत जायला सुरुवात केली, मग रिक्षाने लशीचा डोस द्यायलाही. एकदा ती पडली. बाल्कनीत पाणी सांडलं होतं. उजवी कुबडी सुटली, उजव्या कुशीवर आपटली. कोपर आठवडाभर सुजलेलं होतं. मुलगी घाबरून रडली, तिला खरचटलंदेखील नाही. मला हे पंधरा दिवसांनी कळलं. ऐकून मी दोन दिवस कात्रीला हात लावला नाही. मी तिला विचारलं, आता काय करायचं? ती म्हणाली, "काय म्हणजे? बाल्कनी पुसून घेतली." सासूबाईंना तिने त्याच दिवशी सांगितलं होतं. त्यांनी घरातली सगळी पायपुसणी उचलून टाकली आणि खाली घसरू नये म्हणून रबरी मॅट आणल्या. झोळी वापरू नको असं मात्र त्या म्हणाल्या नाहीत.

तशा झोळ्या आम्ही नंतर आणखी चार शिवल्या. एक अशाच कुबड्या घेणाऱ्या बाईसाठी. एका बापाचा हात कारखान्यातल्या मशीनमध्ये गेला होता, त्याची वेगळी केली, एका हाताने लावता येईल अशी. प्रत्येकाच्या घरी आधी आम्ही दोघी जातो. माणूस चालतो कसा, बसतो कसा, पडतो कसा ते बघतो. आधी तांदूळ घेऊन फिरल्याशिवाय बाळ आत ठेवू देत नाही. काहीजण त्याला कंटाळून येतच नाहीत, त्याला इलाज नाही.

वरसाव्याच्या बाईची झोळी मी नीट शिवून परत नेली होती. तिने ती घेतली, पण पुन्हा कधी फोन केला नाही.

गणित शिकवणाऱ्या त्या बाईची मुलगी आता बालवाडीत जाते. शाळा कोपऱ्यावरच आहे. आई कुबड्यांवर आणि मुलगी तिच्या ओढणीचं टोक धरून, अशा दोघी सकाळी आमच्या बिल्डिंगखालून जातात. मी खिडकीत कापड कापत असले तर मुलगी वर बघते, आई बघत नाही. तिचं लक्ष रस्त्यावर असतं.