विटकरी भिंत

तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत कुणी घराला रंग द्यायला काढला की वासुकीअक्कांना बोलावणं जायचं. अक्का शाळेत गणित शिकवायच्या, पण रंगांची जाण उपजतच. "पश्चिमेच्या खोलीला पिवळा नको, संध्याकाळी पेटल्यासारखी दिसेल," असं त्या म्हणायच्या नि लोक ऐकायचे.

त्यांच्या भाचीने, विनुताने, तिरुवैयारुला घर बांधलं. हॉलच्या एका भिंतीला विटकरी आणि बाकीच्यांना सायीचा पांढरा, हे अक्कांनीच ठरवलं. काम बघायला गेल्या, तर भिंत मळकट तपकिरी.

"रामस्वामी, डबा बदललास," त्या रंगाऱ्याला म्हणाल्या.

त्याने डब्याचं झाकण दाखवलं. नंबर तोच होता.

"आत्या, विटकरीच आहे की," विनुता म्हणाली.

कचरा गेला असेल म्हणून अक्कांनी डावा डोळा चोळला. तो झाकला गेला, तशी भिंत भाजल्या विटेसारखी उजळली. मग उजवा झाकून पाहिला. पुन्हा चिखल.

"बरोबर आहे. उजेडाचा फरक," एवढंच बोलून त्यांनी परतीची बस धरली.

घरी त्या बोलल्या नाहीत. बोललं की खरं होईल, असं वाटे. बाजारात टोमॅटो निवडताना हळूच डावा डोळा मिटायच्या. एकदा यजमानांनी, सेतुरामांनी, विचारलं, "मान वाकडी का धरतेस?"

"उशी बदलली," अक्का म्हणाल्या. बोलावणी येत राहिली, आणि एका डोळ्यावर त्या निभावत राहिल्या.

पोंगलच्या आधी शेजारच्या कनकलताने देवघराच्या भिंतीवर दोन लाल रंगांचे पट्टे ओढून ठेवले. अक्कांनी सवयीने डावा डोळा मिटला. आता उजव्यालाही दोन्ही पट्टे राखेसारखे.

"उद्या सांगते," म्हणत त्या कशाबशा घरी आल्या आणि यजमानांपुढे सगळं सांगून मोकळ्या झाल्या.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी दोन्ही डोळे तपासले. "डोळ्यांच्या नसांना सूज आहे," ते म्हणाले. "सुरुवातीलाच यायला हवं होतं. डाव्याचं आता सांगवत नाही. उजवा वाचतो का बघू."

औषधं सुरू झाली. कनकलता विचारायला आली, तेव्हा अक्का यजमानांना बरोबर घेऊन तिच्या देवघरात गेल्या.

"पट्टे कसे दिसतात, तुम्ही सांगा."

"दोन्ही लालच."

"लाल म्हणजे? कुंकवासारखा? ओल्या कुंकवासारखा की कोरड्या?"

सेतुराम भिंतीजवळ जाऊन एकेका पट्ट्यावर बोट फिरवू लागले. अक्का दोन्ही डोळे उघडे ठेवून उत्तराची वाट बघत उभ्या होत्या.