तोंड दक्षिणेला

हसायचं तर आत्ताच हसून घ्या, कारण माझी ही फजिती ऐकताना लोकांच्या हातून चहा सांडतो.

ऐंशीच्या सुमाराची गोष्ट. पुण्यात वर्षानुवर्षं सोलर हीटर बसवून मी नुकताच मेलबर्नला आलो होतो. ग्लेन वेव्हर्लीला भाड्याचं घर, डँडेनॉन्गच्या कारखान्यात नोकरी आणि गॅरेजमध्ये माझ्या हातचा नवा हीटर. इथल्या सौरऊर्जावाल्यांच्या एका संस्थेनं नव्या कल्पनेसाठी पुरस्कार जाहीर केला आणि मी अर्ज ठोकला. पुरस्कार मिळाला तर साहेब मला संशोधन विभागात घेणार होता. नाहीतर आहेतच आपले नट-बोल्ट.

परीक्षक यायच्या आदल्या संध्याकाळी हीटर मागच्या अंगणात बसवला. होकायंत्र लावून, तोंड बरोब्बर दक्षिणेला. पुण्यात झोपेतसुद्धा माझी दक्षिण कधी चुकली नव्हती.

बायको, म्हणजे शैला, म्हणाली, "अहो, या बाजूला माझे कपडेसुद्धा वाळत नाहीत."

"कपड्यांचं शास्त्र वेगळं, सोलरचं वेगळं."

असं बोललो बरं का मी. तोंड वर करून.

दुसऱ्या दिवशी दुपारी रॉन नावाचा परीक्षक आला. जुलै, म्हणजे इथला हिवाळा, असूनही लख्ख ऊन. आधी त्याला हॉलमध्ये बसवून माझं कर्तृत्व ऐकवलं, मग मागे नेलं. रॉननं टाकीच्या नळाखाली हात धरला आणि झटकन मागे घेतला. पाणी चटका बसेल इतकं कढत.

"पण मेट," इथे मित्राला मेटच म्हणतात, "तुझा पॅनल तर सावलीत आहे."

मी पाहिलं. अख्ख्या घराची सावली पॅनलवर. सूर्य घराच्या पलीकडे, उत्तरेला. ऑस्ट्रेलियात सूर्य उत्तरेकडून जातो, हे मी स्वतः पोरांना शिकवलंय हो. पण पाणी तर गरम होतं ना? मग माघार कशाला घ्यायची?

"तेच तर माझं संशोधन," मी म्हणालो. "सावलीतही चालतो."

रॉन खूश. "ब्रिलियंट. मग हे पाणी सोडून देऊ, गार भरू, आणि बघत बसू."

टाकी रिकामी झाली, गार पाण्यानं भरली. रॉन खुर्ची ओढून बसला.

तेवढ्यात मागचं दार उघडलं. पदर खोचलेली शैला, हातात सांडशी, सांडशीत वाफाळतं पातेलं.

"अहो, पाणी का सोडलंत? सकाळी हीटरच्या नळाला बर्फासारखं पाणी आलं. तुमची शोभा नको म्हणून पातेल्यांवर पातेली ओतत होते मी टाकीत."

रॉनला मराठी येत नव्हतं. पण वाफ सगळ्यांना कळते.

तो डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. "मेट, प्रत्येक हीटरबरोबर मिसेसही येणार का?"

तो पुरस्कार अर्थातच गेला. पण मी काय गप्प बसणार? पुढच्या वर्षी तोच हीटर, तोंड उत्तरेला, पुरस्कार माझा. संशोधन विभागसुद्धा मिळाला. प्रशस्तिपत्र फ्रेम करून ऐटीत शैलाच्या हातात दिलं आणि म्हटलं, "हॉलमध्ये लाव."

तिनं ते मागच्या अडगळीच्या खोलीत लावलं. दक्षिणेकडच्या.

"तिथे ऊन येत नाही, कागद पिवळा पडायचा नाही," ती म्हणाली. "तुम्हीच तर सिद्ध केलंत."