इरई धरणावरचे कुरव

इरई धरणावर हिवाळ्यात कुरव पक्षी येतात, समुद्रावर असतात तेच, असं मी चंद्रपूरच्या आमच्या फोटो स्टुडिओत सांगितलं आणि फसले.

‘समुद्र कुठी अन् चंद्रपूर कुठी! बगळे पाह्यले असतीन तू,’ भाऊ म्हणाले. भाऊ म्हणजे स्टुडिओचे मालक. आठवीत शाळा सोडलेल्या, लग्न होऊन कोकणातून इतक्या लांब आलेल्या मला त्यांनी कामावर ठेवलं, हे मी विसरत नाही. पण दोन वर्षं मी लग्नांत नुसता लाइट धरत होते. ‘उडत्या पाखराचा एक साफ फोटो आण. मग येत्या लग्नात नवरीकडचा कॅमेरा तुले,’ असं म्हणून त्यांनी चक्क स्वतःची मोठी लेन्स दिली. ती पडली तर, या धास्तीनं मी पट्टा गळ्यात घालून वर मनगटालाही गुंडाळला.

रविवारी सकाळी गेले तर कुरव होते! पाण्याच्या कडेला, चिखलात, वीसेक. पांढरी डोकी, कानामागे काळा ठिपका, तीट लावल्यासारखा. बंदरावर मासळीच्या टोपलीत चोच घालणारे हेच ते आगाऊ. माहेरचं माणूस दिसावं तशी मी सरळ पुढं गेले. एकूण एक उडाले. पुन्हा बसले, पुन्हा गेले, पुन्हा उडाले.

होडीतला एक मासेमार हसत होता.

‘बाई, आहेर द्याले चालल्या का? ते काही फोटोसाठी उभे राह्यत नाई!’

‘मग काय करू, दादा?’

‘गप बसा इथी. मी जाळं उचलतो, बारीक मासोळी फेकतो. तवा माह्या मांगंच येते ते.’

बसले. नवरा-नवरी मंडपात येतात तेव्हा आमचे भाऊ त्यांच्यामागे धावत नाहीत, दारावर आधीच फोकस धरून ठेवतात. मी होडीच्या टोकावर धरला. मासोळी उडाली, कुरव झेपावले, मी बॅटरी संपेपर्यंत बटण दाबतच राहिले.

सोमवारी भाऊंनी फोटो मोठा करकरून पाहिला. शेपूट कापली गेली होती. त्यांनी विचारायच्या आधीच मी माफी मागून टाकली.

‘शेपटीचं राहू दे. डोळा साफ आला ना,’ ते म्हणाले. ‘बल्लारपूरच्या लग्नात नवरीकडं तू. अन् तिथी बिनधास्त जवळ जाजो, नवरी उडत नाई.’

मी लगेच विचारलं, ‘भाऊ, बॅटऱ्या दोन द्याल ना?’