दोडक्याचं बी

फोन आला तेव्हा मी वच्छलाताईचेच दोडके चिरत होते. महालक्ष्म्या आटोपून ती अकोल्याला लेकाकडे गेली होती. निघताना आमच्या अमरावतीच्या दोन घरांमधल्या भिंतीवरून बजावलं होतं, "मास्तरीण, वेलावर लक्ष ठेवजो. कवळे असतानाच तोडजो, आन् लाल चिंधीवाल्याले हात नको लावू." चिंधी बांधलेला दोडका बियाण्यासाठी राखलेला असायचा. आठवडाही झाला नव्हता, आणि तिचा लेक सांगत होता, "मावशी, आई सकायी उठलीच नाही..." मी विळीवर तशीच बसून राहिले. भाजी मात्र केली. दोडका वाया गेलेला तिला खपला नसता.

घरामागची तिची सांदवाडी म्हणजे हातभर जागा, पण भादव्यात नुसती उतू जायची. दोडकी, वाल, काकड्या, आणि खाणारी ती एकटी. मग पिशवी भरून निघायची स्वारी. दात दाखवायला गेली की डॉक्टरला दोडके, बँकेत गेली की कॅशियरला काकड्या. तिला लांबून पाहून लोक दार लोटून घ्यायचे, तर ही खिडकीतून आत टाकायची. महालक्ष्म्यांच्या सोळा भाज्यांत मात्र तिच्या वाडीतलं काही नाही, असं गल्लीत एकही घर नव्हतं.

बी मात्र कुणालाच द्यायची नाही. एका वर्षी मी हट्टाने दुकानातून पाकीट आणलं. वेल झकास चढला, दोडके निघाले कडूजहर. तिने एक घास खाल्ला, पदराला तोंड पुसलं आणि म्हणाली, "सायबाले देल्ली काय हे भाजी? मंग बोलत कावून नाही तो तुह्याशी, समजलं." माझ्या नवऱ्याला ती सायब म्हणायची. मी चिडून विचारलं, मग बी का देत नाहीस?

"बी देल्लं तर तू भिंतीपाशी येशीन कायले?"

मी खूप हसले. ती हसली नव्हती, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

आता आश्विन लागलाय. पिशवी घेऊन मीच गल्लीत फिरते आणि लोक माझ्यासाठी दारं लोटतात. चिंधीवाला दोडका वाळून वाऱ्याने खुळखुळतो. परवा तिचा लेक येऊन गेला. "मावशी, बी तुमच्यापाशीच ठेवजा," म्हणाला. मला बरं वाटलं आणि रडूही आलं.

काल संध्याकाळी कोपऱ्यावरच्या घरातली नवी सून भिंतीपाशी आली. आल्यापासून तिचं कुणाशी फारसं बोलणं नाही. वेलाकडे बघत म्हणाली, "काकू, याचं बी द्याल का थोडं?"

मी चिंधीकडे पाहिलं.

"दोडके नेत जाय ना बाई," मी म्हटलं, "बी कायले पायजे तुले?"